सिडकोतल्या दोन खोल्यांत सिनेमा: कमी पैशांत विनोदी चित्रपट करायचाय त्यांच्यासाठी

आमच्या पटकथेच्या पहिल्या खर्ड्यात नाशिकच्या द्वारका चौकात अडकलेली एक गाडी होती. गाडीत साखरपुड्याला निघालेलं कुटुंब, पुढं-मागं चाळीसेक वाहनं, रिक्षावाल्याशी जुंपलेली, डोक्यावर उड्डाणपूल. लिहिताना आम्ही पोट धरून हसलो. मग कॅमेरा सांभाळणाऱ्या मित्रानं विचारलं, "भो, ही चाळीस वाहनं आणणार कोण?" त्यानंतर कोणी हसलं नाही.

पंधरा दिवसांनी सीन बदलला. कुटुंब घरातून निघालंच नाही. वडील टॉवेलवर उभे आहेत आणि व्याह्यांना फोनवर सांगताहेत, "निघालो, निघालो, द्वारकेला अडकलोय." आतून मिक्सर सुरू होतो. वडिलांचा चेहरा पडतो, तेवढ्यात शेजारी उभा असलेला आठ वर्षांचा मुलगा तोंडानं हॉर्न वाजवायला लागतो. खर्च एक टॉवेल. पुढं जितक्या लोकांना चित्रपट दाखवला, त्यात सगळ्यात मोठा हशा इथंच आला.

पैसे नसताना विनोदी चित्रपट करायचा तर बचत कागदावर होते. सेटवर केलेली बचत पडद्यावर दिसते आणि वाईट दिसते. नाशिकमध्ये पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी आम्ही काय केलं आणि काय करायला नको होतं, ते क्रमानं सांगतो.

आधी घर, मग गोष्ट

बहुतेक जण गोष्ट लिहून जागा शोधायला निघतात. उलट करा. तुम्हाला फुकट किंवा नाममात्र भाड्यात सलग पंधरा दिवस कोणती जागा मिळू शकते, त्याची यादी करा. मामाचं बंद घर, मित्राचं झेरॉक्सचं दुकान, कोणाचा मखमलाबादकडचा मळा, जुन्या नाशकातला अर्धा रिकामा वाडा. त्यातली एक जागा निवडा आणि तिथं घडू शकेल अशीच गोष्ट लिहा.

आम्हाला सिडकोतलं दोन खोल्यांचं घर मिळालं. एक घर, एक दिवस, सहा माणसं. एका दिवसाची गोष्ट असल्यानं प्रत्येकाला एकच पोशाख लागला (सांडण्या-लवंडण्याचे प्रसंग असतील तर त्याच कपड्यांचे दोन जोड घ्या). लहान घराचा त्रासही आहे. कॅमेरा मागं न्यायला जागाच नसते. आमचा निम्मा चित्रपट न्हाणीघराच्या दारात तिवई ठेवून घेतलाय. पण सहा माणसं एका चौकटीत कोंबली की विनोदाचं अर्धं काम आपोआप होतं, कारण एक बोलतोय तेव्हा उरलेल्या पाचांचे चेहरेही दिसतात.

गोष्ट ठरली की पटकथा मोजा. ठोकताळा असा की एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट. विनोदी संवाद भरभर जातात, त्यामुळं पानं थोडी जास्त चालतात. नवख्या टोळीनं दिवसाला पाच पानांच्या वर उडी मारू नये. आमची ७२ पानं होती, १६ दिवस लागले, वर दोन दिवस पॅचवर्क, म्हणजे राहिलेले-बिघडलेले तुकडे पुन्हा घेणं.

भाषेबद्दल एकच. टीव्हीवरच्या मालिकांसारखं घोटीव मराठी लिहू नका. तुमचे काका जसे बोलतात तसं लिहा. आमच्या चित्रपटातला सगळ्यात चांगला संवाद कोणी लिहिलेला नाही. घरमालकांच्या आईंनी आम्हाला उद्देशून जो ऐकवला, तोच तसाच्या तसा उचलला, अर्थात त्यांना विचारून.

तीन मिनिटांचा नमुना

नाशिकमध्ये सिनेमा करणाऱ्याला दादासाहेब फाळके टाळता येत नाहीत. जन्म त्र्यंबकेश्वरचा, शेवटचा श्वास नाशकात, आणि स्मारक पांडवलेण्याच्या पायथ्याशी. पण त्यांच्याकडून नवख्यानं शिकावी अशी गोष्ट फार व्यावहारिक आहे. १९१२ मध्ये त्यांना कर्ज हवं होतं. त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ रोज थोडी थोडी टिपली आणि रोप डोळ्यांदेखत वाढताना दाखवणारी छोटी फिल्म पैसे देणाऱ्याला दाखवली. 'माझ्या डोक्यात भारी कल्पना आहे' असं सांगत हिंडले नाहीत.

तुम्हीही एक सीन आधी चित्रित करा. मोबाइलवर चालेल, पण आवाज नीट घ्या. तो दहा अनोळखी माणसांना दाखवा. मित्र नकोत, ते हसतातच. हसू आलं तर हाच नमुना पैसे मागायला, कलाकार गोळा करायला आणि घरमालकाला पटवायला उपयोगी पडतो. आलं नाही तर दोन दिवस गेले, दोन लाख वाचले.

माणसं

या बाबतीत आपलं शहर श्रीमंत आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या नाशिक केंद्राची नाटकं बघा. कालिदास कलामंदिरात, सायखेडकर नाट्यगृहात पडेल त्या प्रयोगाला जाऊन बसा. नायकाकडं बघू नका. ज्याला चारच वाक्यं आहेत आणि तरी आपली नजर त्याच्यावर जाते, त्याला प्रयोगानंतर गाठा. घरातली माणसंही घ्या, ती इथली जुनी चाल आहे. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये फाळक्यांनी कृष्ण केला तो स्वतःच्या लहान मुलीला, मंदाकिनीला. आमचा हॉर्न वाजवणारा मुलगा माझा भाचा आहे.

नाटकवाल्यांची एक अडचण असते, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकायची सवय. दहा बाय दहाच्या खोलीत ते भांडण वाटतं. यावर उपाय म्हणजे तालीम हॉलमध्ये न करता त्याच घरात करायची, तीही खरी कामं हातात देऊन. भाजी निवडता निवडता, चहा गाळता गाळता बोलायला लावा, आवाज आपोआप खाली येतो. आम्ही वीस दिवस संध्याकाळी तालमी केल्या. तालमीला कॅमेऱ्याचं भाडं लागत नाही, फक्त चहा लागतो. मोठ्या निर्मितीला जे परवडत नाही ते इथं तुम्हाला परवडतं, त्याचा पुरेपूर फायदा घ्या.

नोकरीवाल्यांचं वेळापत्रक आधी लिहून घ्या. वडिलांचं काम करणारे आमचे नट अंबडच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला होते, चारच्या आत सेटवर येत नसत. म्हणून चित्रपटात सकाळी ते सतत न्हाणीघरात असतात आणि बाकीचे दाराशी बोलतात. पाहणाऱ्यांना वाटतं, काय लिहिलंय!

आणि हो, शनिवार-रविवारी तुकड्या-तुकड्यानं चित्रीकरण करणार असाल तर सगळ्यांकडून केस-दाढीची शपथ घ्या. आमच्या एका पठ्ठ्यानं मावसभावाच्या लग्नासाठी मधेच केस बारीक केले. दोन सीनमध्ये तो डोक्याला टॉवेल गुंडाळून आहे, कारण काहीही नाही.

ओळखीचे असले तरी प्रत्येकाकडून संमतीपत्रावर सही घ्या: नाव, काम, मानधन किंवा 'मानधन नाही', आणि चित्रपट कुठंही दाखवायला हरकत नाही, असं स्पष्ट. लहान मुलांसाठी पालकांची सही. घरमालकाचं पत्र वेगळं. पटकथेची नोंदणी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडं ऑनलाइन होते, ती तालमी सुरू होण्यापूर्वीच उरकून टाका.

शंभर रुपयांची वाटणी

तुमच्याकडं जितके असतील त्याला शंभर समजा. माझ्या हिशेबानं जेवणखाण आणि येण्याजाण्याला तीस, आवाजाला वीस, कॅमेरा आणि दिव्यांना वीस, नंतरच्या संकलनाला आणि आवाजाच्या मिश्रणाला पंधरा, आणि पंधरा हात न लावता बाजूला. बहुतेक नवखे कॅमेऱ्यावर पन्नास घालवतात. मग जेवणाला वडापाव आणि आवाजाला कॅमेऱ्यावरचाच माइक.

जेवणात हात आखडू नका, पण डोकं चालवा. पहिल्या दिवशी नाशिकचा बाणा म्हणून आम्ही नाष्ट्याला मिसळ ठेवली. पापड, दही, दोन-दोन वाट्या रस्सा. अकरा वाजता अख्खं युनिट जांभया देत होतं आणि नायिका ॲसिडिटीची गोळी शोधत होती. दुसऱ्या दिवसापासून पोहे-उपमा. मिसळ पॅकअपच्या दिवशी.

परवानग्या

खासगी घर असलं तरी सोसायटीला आणि शेजाऱ्यांना लेखी कळवा, स्थानिक पोलीस ठाण्यात अर्ज देऊन पोच घ्या. बाहेर पडलात की जागेगणिक धनी बदलतो. रस्ता, उद्यान, घाट म्हटलं की महापालिका आणि पोलीस. बसस्थानकाला एसटी महामंडळ, नाशिकरोड स्टेशनला रेल्वे. पांडवलेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडं, तिथं 'दोन मिनिटांत आटपतो' चालत नाही. राज्याच्या चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे, एकाहून जास्त सरकारी जागा असतील तर तिकडूनच जा.

ड्रोनचा मोह टाळा. आपल्याकडं नोटांचा छापखाना आहे, देवळालीला तोफखाना आहे, ओझरला विमानांचा कारखाना आणि विमानतळ. ड्रोनसाठीच्या 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तुमची जागा कोणत्या रंगात येते ते बघितल्याशिवाय ड्रोन पिशवीतून काढू नका. तसंही दोन खोल्यांच्या विनोदी चित्रपटात आकाशातून काय दाखवणार आहात?

गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीच्या घाटावर, एखादा सीन असेल तर वार बघा. बुधवारी तिथं बाजार भरतो. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाटच नाहीसा होतो. आज दुतोंड्या मारुतीच्या पायाशी केलेला सीन परवा त्याच्या कमरेएवढ्या पाण्यात पूर्ण करता येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात बरा. हवा कोरडी, ऊन मऊ, पंखा बंद ठेवला तरी माणसं टिकतात.

प्राणी दाखवणार असाल, अगदी घरचा कुत्रासुद्धा, तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी चित्रीकरणाआधीच लागते, आणि नंतर पुन्हा ना-हरकत. आम्ही मांजर कापली, म्हणजे पटकथेतून. तंबाखू किंवा सिगारेट दिसली की त्या दृश्यावर इशारा आणि चित्रपटाच्या सुरुवातीला व मध्यंतरानंतर आरोग्यसूचना बंधनकारक. आमचे काका म्हणूनच बडीशेप मळतात. ते जास्त विनोदी दिसतं, हा आमचा नफा.

आवाज

इथं जरा थांबतो, कारण सगळी माती इथंच होते. अंधुक चित्र प्रेक्षक माफ करतो. न ऐकू आलेल्या विनोदाला मात्र कोणी हसत नाही.

घर ठरवण्याआधी तिथं एक पूर्ण दिवस नुसते बसा आणि घड्याळ लावून आवाज लिहा. आमची वही अशी होती: सव्वासात, मंदिराची आरती. आठ दहा, घंटागाडी, गाण्यासकट. साडेआठ ते नऊ, तीन घरांतले कुकर. साडेदहा, भंगारवाला. चार, शाळेची रिक्षा. यावरून शेड्यूल लावलं. शांत सीन अकरा ते एक, आरडाओरड्याचे सीन घंटागाडीच्या वेळी.

प्रत्येक बोलणाऱ्या माणसाला वेगळा कॉलर माइक आणि प्रत्येकाचा वेगळा ट्रॅक. घरगुती भांडणात माणसं एकमेकांचं तोडून बोलतात, मजाच त्यात असते. सगळ्यांचा आवाज एकाच ट्रॅकवर आला तर संकलनात काहीही हलवता येत नाही. शिवाय एक बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, वर धराच, कॉलर माइक कपड्याला घासतो तेव्हा तो वाचवतो. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद करताना तुमच्या गाडीची किल्ली त्यात ठेवा, म्हणजे घरी जाताना तो सुरू करायची आठवण राहते. आम्ही पहिल्या दिवशी ठेवली नव्हती. घरमालकांचं दोन किलो श्रीखंड भरून दिलं. प्रत्येक जागी सीन संपल्यावर सगळ्यांना गप्प उभं करून तीस सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. संकलनात दोन वाक्यांमधली भोकं त्यानं बुजतात.

आता तो मिक्सर. चित्रीकरणात तो खरा चालू नव्हता. चालू ठेवला असता तर वडिलांचा एक शब्दही हाती लागला नसता. मिक्सरचा आवाज वेगळा घेतला, आधी रिकामा आणि मग चटणीसकट, दोन्ही वेगळे वाजतात. अडचण अशी की मिक्सर बंद असला की नट हळूच बोलतो, आणि नंतर वर आवाज बसवला की खोटं वाटतं. म्हणून तालमीत मिक्सर खरा चालवला. टेकच्या वेळीही आधी पाच सेकंद लावून बंद केला आणि मग ॲक्शन दिलं. घसा त्याच पट्टीत राहिला.

कॅमेरा, आणि एक टॉवेल

हाती असेल तो कॅमेरा चांगला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० ठेवा, नाहीतर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी लुकलुकतात. मोबाइल असेल तर फोकस आणि एक्स्पोजर (चित्राचा उजेड) बांधून ठेवणारं ॲप घ्या. एका दिवसाची गोष्ट सोळा दिवसांत करताना खिडकीतलं ऊन सगळ्यात जास्त दगा देतं. खिडकीला बाहेरून ट्रेसिंग पेपर, त्यामागं दिवा, आणि खोलीत उजेड परतवायला थर्माकोल. इतकं केलं की बाहेर काहीही असो, आत कायम सकाळचे दहा.

विनोदासाठी चौकट मोठी ठेवा आणि कमी कापा. टॉवेलचा सीन आम्ही आधी जवळून घेतला: चेहरा, मग टॉवेल, मग मिक्सर, मग मुलगा. चार शॉट, चार ठिकाणी बोट दाखवल्यासारखं. कोणी हसेना. मग एकच लांबचा शॉट लावला. वडील मधे, मुलगा पहिल्यापासून कोपऱ्यात उभा, बुटाची नाडी बांधतोय, त्याच्याकडं कोणाचंही लक्ष नाही. मिक्सर सुरू झाल्यावर वडिलांनी मुलाकडं बघायचं नाही, ही एकच सूचना. नवव्या टेकला जमलं. आधीच्या आठांत कॅमेऱ्यामागचे आम्हीच हसत होतो. हसणाऱ्याला खोलीबाहेर काढा, दिग्दर्शक असला तरी.

हॉर्ननंतर कॅमेरा तीन सेकंद तसाच ठेवला, कोणी काही बोलत नाही. ही जागा हशासाठी सोडावी लागते. लगेच पुढचं वाक्य आलं तर ते हशात बुडतं.

रोज रात्री फुटेजच्या दोन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर, आणि एक डिस्क दुसऱ्या घरी. ही प्रत झाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, कितीही झोप येत असली तरी.

संकलन आणि चाचणी

पहिला खर्डा नेहमी लांब आणि रडका होतो, घाबरू नका. वीस अनोळखी माणसांना बोलवा, खोलीत एक मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवा आणि चित्रपट दाखवा. नंतर त्यांचं मत विचारलं तर सगळे 'छान आहे' म्हणतील. मतं सोडा, रेकॉर्डिंग ऐका. ते संकलनाच्या पट्टीखाली लावलं की कुठल्या सेकंदाला हशा आला, कुठं खोकले सुरू झाले, सगळं कळतं. आम्ही ९४ मिनिटांवरून ७८ वर आलो ते खोकल्यांच्या भरवशावर.

संगीताबाबत एक सावधगिरी. वरातीत बँड वाजवतो ती गाणी कोणाच्या तरी मालकीची असतात. शेजारच्या टीव्हीतून ऐकू येणारं गाणंही. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा, पण तो गायलेलं एखादं रेकॉर्डिंग तसं नाही. शहरात हार्मोनियम-तबला वाजवणारे भरपूर आहेत, नवं करून घ्या आणि त्यांचीही सही घ्या.

दाखवायचा कुठं

यूट्यूबवर टाकायची घाई करू नका. पुष्कळ महोत्सव आधी कुठं दाखवलाय का ते विचारतात, त्यामुळं पुण्याचा, गोव्याचा वगैरे महोत्सवांचा फेरा आधी. चित्रपटगृहात लावायचा तर केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र हवं, अर्ज ऑनलाइन होतो. त्यात गट असतात: यू, ए आणि मधला यूए, ज्याचे २०२४ पासून ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झालेत. शिव्या किती ठेवायच्या ते हा गट डोळ्यांपुढं ठेवून पटकथेतच ठरवा, नंतर बीप लावले की विनोद पांगळा होतो.

चित्रपटगृहाला डीसीपी लागते, म्हणजे त्यांच्या यंत्रावर चालणारी प्रत. ती हातात आली की आनंदानं पेढे वाटण्याआधी एखाद्या चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकाला विनंती करून पहिल्या खेळाआधी दहा मिनिटं लावून बघा. सुरुवातीची दहा नकोत, मधली, जिथं सगळे एकदम बोलतात ती. आम्ही टॉवेलचा सीन लावला. चित्र झकास होतं, पण वडिलांचा आवाज मागच्या स्पीकरमधून आणि मिक्सर पडद्यातून येत होता. मिश्रणात दोन ट्रॅक आलटून-पालटून बसले होते. खेळाला चार दिवस होते, नवी प्रत तिसऱ्या दिवशी मिळाली.